निळी डबी आधी

दान्या,

सगळं नीट पार पडलं. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी सांगून टाकतो, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कार्यक्रम संपून वायरी गुंडाळायच्या आत तुझं 'कसं झालं रे, कसं झालं' सुरू व्हायचं. तर, चांगलं झालं. स्पीकरने शिट्टी मारली नाही, कुठली वायर सुटली नाही, सारामावशी रडल्या पण त्यांनी सूर सोडला नाही. मी आत्ता सावेडीत घरी येऊन टेकलोय, बूटसुद्धा काढलेले नाहीत, आणि कित्येक दिवसांनी माझे खांदे खाली आलेत.

आणखी एक सांगतो. तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सुटला'. आणि फोनवर होत्या रूथवहिनी! ज्या बाईचा नवरा घटकेपूर्वी गेलाय तिला मी हे ऐकवलं. मी जीभ चावली. पण पलीकडून त्याच म्हणाल्या, "व्हय भावजी, सुटले," आणि मग आम्ही दोघं फोन कानाला धरून रडलो. त्या रडण्यात सुटकेचा भाग होता, तो मी लपवत नाही. दिवसाआड गावाहून नगरला यायचं, अर्धा दिवस डायलिसिसच्या मशीनला बांधलेलं पडून राहायचं आणि संध्याकाळी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून परत जायचं, हे तुझं चाललेलं मला बघवत नव्हतं. तू मात्र त्याचीही थट्टाच केलीस. डाव्या हातावर डॉक्टरांनी नसेला नस जोडून दिली होती, तिथे माझं बोट ठेवून म्हणालास, "बघ, आत हमिंग येतंय. अर्थिंग नीट केलेलं न्हाई डॉक्टरनं." खरंच तिथे कातडीखाली काहीतरी सारखं गुणगुणत होतं. मी झटकन बोट काढलं आणि तू वॉर्डभर ऐकू जाईल असा हसलास. ज्या हाताने तू तारा दाबायचास त्याच हाताला जोर द्यायची बंदी झाली. शेवटी शेवटी गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून असायचास. ते संपलं, बरं झालं संपलं.

आता राहिलेल्या वादाकडे येतो.

तुझ्या माघारी हा वाद मी कुणाला समजावून सांगायला गेलो तर लोक माझ्याकडे बघत राहतात. दोन वयस्क माणसं, एक एमआयडीसीत लेथवर काम करणारा, एक सावेडीत गिटारचा क्लास चालवणारा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शेजारी शेजारी उभी राहून म्हातारी होत आलेली, आणि भांडतात कशावरून, तर कुठली डबी आधी लावायची यावरून. गिटारची वायर एका पेडलमध्ये, म्हणजे आवाज बदलणाऱ्या डबीत, जाते, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मग आवाज मोठा करणाऱ्या अॅम्पमध्ये. तुझ्या फळीवर तीनच पेडल होती. निळी डबी रिव्हर्बची, आवाजामागे घुमारा ठेवणारी. हिरवी ड्राइव्हची, आवाज जाड करणारी. पांढरी डिलेची, वाजवलेलं पुन्हा हळूच ऐकवणारी. सगळे वाजवतात तसं वाजवायचं तर ड्राइव्ह आधी, मग डिले, आणि रिव्हर्ब सगळ्यांत शेवटी. मी पोरांना क्लासमध्ये पहिल्या महिन्यात हेच शिकवतो. तू मात्र निळी डबी सगळ्यांत आधी लावायचास. गिटारमधून निघालेला आवाज आधी घुमवायचा आणि मग त्या घुमाऱ्यासकट ड्राइव्हमध्ये ढकलायचा. ड्राइव्हला बिचाऱ्याला मूळ सूर कुठला आणि मागचा घुमारा कुठला हे कळत नाही, तो सगळ्यालाच सारखा फुगवतो. मग सुरांचा चिखल होतो. होतोच!

तुझ्याकडे अॅम्प नव्हता, म्हणून सणासुदीच्या रविवारसाठी माझा अॅम्प स्कूटरवर बांधून मी शनिवारी संध्याकाळी तुझ्या गावच्या देवळात आणायचो. तुम्ही चर्चला देऊळच म्हणता, मलाही तीच सवय लागली. काळ्या दगडाचं, उंच छपराचं, खाली गार फरशी. अॅम्प लावून द्यायचा, तू वाजवून बघायचं, मी कपाळाला हात लावायचा आणि आपण भांडायचं. मग तुझ्याकडे जेवून मी परत. अॅम्प न्यायला थेट सोमवारी यायचो, कारण रविवारी माझा क्लास. शाळेच्या पोरांना रविवारशिवाय वेळ कुठे असतो?

तुझं म्हणणं मला पाठ होतं. उपासनेला बायका गीतं म्हणतात, आणि तुमच्या गावच्या बायका ओळीचं शेवटचं अक्षर सोडतच नाहीत. सारामावशी पहिल्या रांगेत बसतात, त्या जोवर श्वास पुरतो तोवर अक्षर धरतात आणि बाकीच्या त्यांच्यामागे. "गिटार आधी मरती रव्या," तू म्हणायचास. "बायका गातायत आन् गिटार मेलेली. लई उघडं वाटतं. मला खालनं काईतरी धरून ठेवणारं पायजे." मी म्हणायचो, मग त्यांना ताल शिकव. तू म्हणायचास, "सारामावशीला तू शिकव. मी बाहेर थांबतो."

मी म्हणायचो, अरे, मग रिव्हर्ब लांबव, पण शेवटी लाव. तू म्हणायचास, शेवटी लावला की घुमारा विरत जातो. हिरव्या डबीच्या आधी लावला की ती विरणारा आवाज उचलून धरती. मी म्हणायचो, आणि चिखल होतो त्याचं काय? त्यावर तुझं एकच उत्तर ठरलेलं असायचं: "रविवारी ये." मला वाटायचं, मुद्दे संपले की हा असं बोलतो. वाद आला की रविवार पुढे करायचा आणि भाकरी खायला बसायचं.

तुझी माती झाल्यावर काही दिवसांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. देवळातल्या पाळकसाहेबांशी बोलून येत्या रविवारी तुझ्यासाठी स्मरण उपासना ठरवली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी तुमी वाजवा. पर त्यांच्या आवाजात. त्यांचं बोलनं मला आठवतं. खोकनं आठवतं. गिटारचा आवाज मातूर आठवंना झालाय. आजारपनात वाजलंच न्हाई ना घरात काई. एकदा कानावर पडूं द्या, म्हंजी ऱ्हाईल."

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, वहिनी, काळजीच करू नका. त्याची फळी आहे तशी उचलायची, वायर लावायची, झालं.

वहिनींनी माझ्यासमोर एक पिशवी आणून ठेवली.

दान्या, फळी नव्हतीच. तू गेलास त्या दिवशी घर माणसांनी भरलं, पिण्याच्या पाण्याचा जार ठेवायला काहीतरी हवं होतं, कुणाला तरी ती सपाट फळी दिसली. पेडल सोडवून वहिनींनी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली, मापाने लहानमोठी लावून पिशवीत भरली. आणि पिशवीत घालण्यापूर्वी एक मोठं शहाणपणाचं काम केलं. प्रत्येक पेडलचं प्रत्येक बटण डावीकडे फिरवून बंद केलं. गॅसचं करतात तसं.

"उघडी ठिवली तर करंट खात बसतील," त्या म्हणाल्या. "सारी बंद केलीत मी. एक बी ऱ्हाऊं दिलं न्हाई."

मी बटणांकडे बघत राहिलो. सगळी शून्यावर. तू इतकी वर्षं केसभर इकडे, केसभर तिकडे करून बसवलेलं सगळं एका दुपारी गॅससारखं बंद झालं होतं. मला रागावताही येईना आणि हसताही येईना. वहिनींना माझ्या चेहऱ्यावरून समजलं. "चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही हो, फक्त कोण आधी आणि कोण नंतर ते लावावं लागेल, आणि बटणं पुन्हा बसवावी लागतील. "मागंपुढं झाल्यानं काय हुतं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, वरण शिजवून वर फोडणी घातली तर एक चव, आणि फोडणीतच डाळ टाकून शिजवली तर वेगळी चव. वस्तू त्याच. त्या म्हणाल्या, "आमी दोन्ही करतो." म्हटलं, हो, पण तुमचा नवरा एकच करायचा. त्यावर त्या हसल्या. तू गेल्यावर पहिल्यांदा हसलेलं मी पाहिलं त्यांना.

मग मी जारखालची फळी मागून घेतली, अंगणात मांडी घालून बसलो आणि तुझी डबडी जोडायला घेतली. आणि एक गंमत लक्षात आली. जिथे जिथे आपण भांडलो होतो ते मला लख्ख आठवत होतं. निळी डबी आधी, हे तर दगडावर कोरल्यासारखं. तिचं घुमाऱ्याचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत, ज्याला मी 'विहिरीत पडलास का' म्हणायचो. हिरवीचं जोराचं बटण जेमतेम उघडलेलं, ज्यावर मी म्हणायचो, एवढंच उघडायचं तर लावतोस कशाला. सगळी भांडणं बोटांत होती. पण पांढऱ्या डबीवर आपलं कधी वाजलंच नाही. डिलेबाबत आपलं एकमत होतं, आणि म्हणून ती कुठे ठेवायचास हे मला काही केल्या आठवेना. माणसाने मित्राशी सगळ्याच बाबतीत भांडून घ्यावं, निदान पुढे उपयोगी पडतं. शेवटी ती मी अंदाजाने बसवली. चूक असली तर तुझी, तू तेव्हा वाद घालायला हवा होतास.

वायरींचं मात्र टेन्शन नव्हतं. त्या तुझ्याच हातच्या होत्या. माझ्या क्लासमधली एकूण एक वायरसुद्धा तूच सोल्डर केलेली आहे, आणि आजवर एकही ऐन वेळी बंद पडलेली नाही. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. तू बोलू दिलं नसतंस, "लई शेंड्या लावू नको," म्हणाला असतास. आता थांबवायला तू नाहीस, म्हणून म्हणतो. तुझ्या वायरींच्या भरवशावर मी आयुष्यभर निश्चिंत उभा राहून वाजवलं.

शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखा अॅम्प घेऊन देवळात गेलो. तुझी गिटार लावली, पहिला सूर छेडला आणि चिखल झाला. तोच. हुबेहूब तोच जुना चिखल, ज्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो. दगडी भिंती आधीच घुमतात, त्यात तुझा घुमारा, त्यावर ड्राइव्ह. एक सूर वाजवला की तीन सूर अंगावर येत होते. मी मनात म्हटलं, बघ, मी काय सांगत होतो! पण त्यात काही मजा येईना. पहिल्यांदाच मी वाद जिंकून एकटा उभा होतो.

आणि भीती वाटली. उद्या सगळं गाव बसणार, वहिनी पुढे बसणार, आणि त्यांच्या कानात तुझा आवाज म्हणून हा गोंधळ कायमचा जाऊन बसणार. मी खाली वाकलो, वायरी काढल्या आणि माझ्या पद्धतीने लावल्या. हिरवी आधी, मग पांढरी, निळी शेवटी. वाजवलं. काय सुरेख वाजलं म्हणून सांगू! रिकाम्या देवळात एकेक सूर सुटा, स्वच्छ. मी डोळे मिटून सबंध गीत वाजवलं. डोळे उघडले तर दारात वहिनी उभ्या होत्या, हातात देवळाची किल्ली.

"लई गोड वाजतंय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे तुमचं हाय ना भावजी?"

ओरडून सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. पण त्यांनी अगदी अलगद विचारलं. त्यांना आवाज आठवत नव्हता, पण कुठला नाही हे मात्र कळत होतं. मी पुन्हा वाकलो आणि निळी डबी आधी लावली. वहिनी घरी गेल्यावर एकदा वाजवून बघितलं. चिखल. म्हटलं, दान्या, उद्या तुझी अब्रू तुझ्या हातात, मी हात धुतले. रात्रभर मला नीट झोप आली नाही, ते सोड.

सकाळी आयुष्यात पहिल्यांदा रविवारचा क्लास बंद ठेवला. देवळात पोचलो तर लोक येत होते. सतरंज्या अंथरल्या होत्या, बायका दाटीवाटीने बसत होत्या, लेकुरवाळ्या भिंतीशी, पुरुष मागे बाकांवर, दारात चपलांचा ढीग. तुझ्यासाठी आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. उभं राहायलाही जागा नव्हती. मी कोपऱ्यात तुझ्या जागेवर उभा राहिलो. पाळकसाहेबांनी मान हलवली. मी पहिला सूर छेडला.

स्वच्छ.

मला वाटलं कुठलीतरी वायर सुटली, मधलं पेडलच बंद पडलं. खाली बघितलं, तिन्ही दिवे लागलेले. दुसरा सूर छेडला. जाडसर, उबदार, आणि मागे घुमारा, पण चिखल नाही. तेवढ्यात बायकांनी गीत उचललं. ओळ संपली, सारामावशींनी शेवटचं अक्षर धरलं, सगळ्याजणींनी धरलं, आणि गिटार मेली नाही. ती त्यांच्या खाली तशीच उभी राहिली, पेटीचा भाता कुणी अलगद धरून ठेवावा तशी. मावशींचा श्वास संपला तेव्हा ती संपली. मी काहीच करत नव्हतो, दान्या, नुसता तारेवर बोट ठेवून होतो.

दुसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला भर उपासनेत हसू यायला लागलं. अरे, माणसं! रिकामं देऊळ घुमतं. भरलेलं देऊळ घुमत नाही. एवढी लुगडी, एवढ्या शाली, एवढी अंगं तो घुमारा पिऊन टाकतात. हॉल भरला की आवाज कोरडा पडतो, हे मी दर लग्नात नवरीच्या बापाला ऐटीत सांगत आलोय. आणि तुझ्या देवळात मी इतकी वर्षं येत होतो, पण दर वेळी शनिवारी. तू भरलेल्या देवळासाठी लावायचास, मी रिकाम्या देवळात ऐकायचो. दोघंही खरं तेच सांगत होतो. फक्त तू दोन्ही दिवस ऐकलं होतंस आणि मी एकच. 'रविवारी ये' ही पळवाट नव्हती, तोच मुद्दा होता. पण शहाण्या, एक वाक्य जास्त बोलला असतास तर काय बिघडलं असतं? बहुतेक तुला भांडायला आवडत होतं. मलाही आवडत होतं, तेव्हा तक्रार नाही.

वहिनींकडे बघायचं धाडस शेवटच्या गीतापर्यंत झालं नाही. मग बघितलं. त्या गात नव्हत्या. डोळे मिटून, मान थोडी कलती करून नुसत्या ऐकत बसल्या होत्या, घरात तू आतल्या खोलीत वाजवत असताना बाहेर भाजी निवडत बसायच्या तशा. सारामावशींचं अक्षर संपलं, गिटार संपली, आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि एकदाच मान हलवली. तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तिथेच रडू आलं, पण चांगलं, पोटभर जेवल्यासारखं.

बाहेर सगळे भेटत होते. सारामावशींनी माझा हात धरला. "दानीचंच वाजलं रं," म्हणाल्या. "मधी एक डाव उशिरा सोडलंस मातूर." म्हटलं, मावशी, तुम्हीच उशिरा सोडलंत. "मी सोडीनच की. तू बगून सोडायचं," त्या म्हणाल्या. तुला हे रोज ऐकावं लागत असेल.

माणसं जेवायला गेल्यावर मी वायरी आवरायला आत आलो. सतरंज्या गुंडाळलेल्या, देऊळ रिकामं. काढण्यापूर्वी एक सूर छेडून बघितला. पुन्हा चिखल, काल होता तस्साच. मी एकटाच मोठ्याने हसलो आणि ते हसूसुद्धा घुमलं.

फळी वहिनींनी परत जारखाली नेली नाही. जारला वीट दिली. बटणं मी जिथल्या तिथे ठेवलीत आणि वहिनींना बजावलंय की ही उघडीच ठेवायची, करंट खात नाहीत. अॅम्पही यावेळी मी उचलून आणला नाही, तुझ्या कोपऱ्यातच ठेवून आलोय. तिथून बायकांचा श्वास दिसतो, हे मला आजच कळलं.

आत्ता बसल्या बसल्या क्लासच्या पोरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. यापुढे रविवारचा क्लास दुपारनंतर. सकाळी सरांना काम आहे.

पांढऱ्या डबीचं तेवढं अजून मनासारखं झालेलं नाही. पुढच्या रविवारी बघतो.

तुझा,
रव्या